पोखऱ्याची खोली सोडली त्याची हकीकत

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि माझ्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आजच भरती व्हा."

मी म्हणालो, "आज नाही जमत. उद्या गाडी हाये आमची. नेपाळले वापस चाललो."

त्या माझ्या बायकोकडे, कमलकडे वळल्या. "काकू, यांना गाडीत बसवाल तर हे पोचणार नाहीत."

ज्याच्यावर ही पाळी येईल त्याच्यासाठी लिहितो, म्हणून आधीचं सांगतो. मी सरकारी गोदामावर चौकीदार होतो. गाव बाळापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी एवढं खारट की डाळ शिजत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर यात्रेच्या बसनं नेपाळ पाहिला. पोखऱ्याला थंड हवा, गोडं पाणी, तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते. आपल्या माणसाला तिथं व्हिसा लागत नाही, आणि एक खोली माझ्या पेन्शनीत बसत होती. गावाला गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण दिलं आणि निघालो.

भाऊबंद म्हणाले, "परमुलखात मेला तर खांदा कोण देईन बे?"

"मेल्यावर मले का मालूम पडते कोनाचा खांदा हाये तं," मी म्हणालो.

दोन वर्षं सुखात गेली. हयातीचा दाखला द्यायला तेवढं अकोल्याला यायचं. यंदाही आलो, मी जिवंत आहे म्हणून बँकेत सही केली. पण पाय सुजलेले, जेवण पाहिलं की मळमळायचं. म्हणून दवाखान्यात गेलो, तर हे निघालं.

रिपोर्टात क्रिएटिनिन फार वाढलेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो लघवीवाटे काढते. किडनी बंद पडली की तो साचतो, मग मशीननं रक्त धुवावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. माझ्या गळ्याच्या शिरेत नळी घातली आणि मशीनला जोडलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी विचारलं, "किती दिवस?" बाई म्हणाल्या, "कायमचं."

खाऱ्या पाण्यानं झालं का, तेही विचारलं. "तिकडचे पेशंट माझ्याकडे खूप येतात," त्या म्हणाल्या, "पण तुमचं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही."

पोखऱ्यालाही मशीन आहे. फोन करून विचारलं, खर्च माझ्या पेन्शनीत बसत नव्हता; इथं सरकारी योजनेत होत होतं. तिथली घरमालकीण फोनवर हिंदीत विचारायची, "बाबा, कब आओगे?" मी म्हणायचो, "अगले महीने."

बाईंनी फिस्टुला करायला सांगितलं. त्यात हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात. शीर फुगते आणि तिच्यात सुई टोचता येते, गळ्यात नळी लागत नाही. मी नाही म्हणालो. नळी काढता येते, पण एकदा हात कापला की पोखरा संपलं, एवढंच मला कळत होतं. बाई दर वेळी म्हणत, "काका, नळीतून जंतू जातील." मी दर वेळी भिंतीकडे पाहायचो.

लघवी होत नव्हती, म्हणून पाणी मोजून मिळायचं. जीभ टाळूला चिकटायची. कमल ओलं फडकं ओठांना लावायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो. बाहेरच्या बाकड्यावर नंबराची वाट पाहताना दर वेळी वाटायचं, मरण आलं तर बरं, निदान कोणाला सांगावं तर लागणार नाही की परत आलो.

अशात माझा साळा विनायक मोर्शीहून भेटायला आला. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि मोर्शीचा माणूस तर संत्र्यांशिवाय येतच नाही. त्यानं कट्टाभर, म्हणजे पोतंभर, संत्री आणली. "आपल्याच बगीच्यातली होत, भाऊजी. रस प्या, महिन्याभरात पहाड चढसान."

दवाखान्यात फळं बंद सांगितली होती. मला वाटलं ते शुगरवाल्यांसाठी. मला शुगर नाही. दवाखान्याजवळ उतरलो होतो तिथं कमल रोज पेला भरून रस काढायची. पाण्यावर पहारा होता, रसावर नव्हता. इतकं गोड मला दुसरं काही लागलं नाही.

एका सकाळी हातपाय उचलेनात. छाती मधेच थांबायची, मग धडधडायची. उचलून दवाखान्यात नेलं. पोटॅशियम नावाचा क्षार असतो, संत्र्यात भरपूर. किडनी चालू असेल तर तो बाहेर पडतो. माझ्यासारख्याच्या रक्तात साचतो आणि हृदय बंद पाडतो. तुमच्या घरी किडनीचा पेशंट असेल तर फळ देण्याआधी डॉक्टरला विचारा. नारळपाणीसुद्धा.

बाईंनी विचारलं, "काय खाल्लं?" मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "म्याच पाजला रस." आणि बाहेर निघून गेली.

मशीनवर रक्त धुतल्यावर शुद्धीवर नीट आलो तेव्हा ती दाराबाहेर फरशीवर बसली होती. आत येईना. नर्सबाईंनी तिला माझा जेवणाचा डबा दिला, तर तिनं हात मागं घेतला. "माह्या हातचं काही नोको देऊ त्याहिले," म्हणाली.

तिनं चाळीस वर्षं मला रांधून वाढलं होतं. मला आतापर्यंत माझ्याच मरणाचं पडलं होतं. ही अशीच फरशीवर बसून राहील, हे डोक्यात आलं नव्हतं.

मी तिला हाक मारून म्हणालो, "पोखऱ्याले फोन लाव."

घरमालकिणीला मीच सांगितलं, खोली दुसऱ्याला द्या, भांडी-गाद्या तुम्हीच ठेवा. ती रडली. मग बाईंना म्हणालो, "हात कापा." फिस्टुलाचं ऑपरेशन अमरावतीला झालं. आता अकोल्यालाच एका खोलीत राहतो. गावचे लोक भेटले की विचारतात, "काहून बे, परदेश सरला का?" मी म्हणतो, "सरला."

फिस्टुलावर बोट ठेवलं की थरथर लागते. ती थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. ते रोज पाहायचं काम बाईंनी मुद्दाम कमलवर सोपवलं. त्या बाईंचे उपकार मी एवढ्यासाठी मानतो.

सकाळी ती उशाशी येते, मनगटावर बोटं ठेवते, डोळे मिटून थांबते. "हाये जी," म्हणते, आणि माझा अर्धा कप चहा ठेवायला जाते. काही सकाळी मला जगायचं नसतं. तरी तिची बोटं येईपर्यंत मी हात उघडा ठेवून पडून राहतो.