परक्या घरचं रडणं

अख्ख्या अकोल्यात माझ्या नणंदबाईंइतकं मनापासून रडणारं माणूस दुसरं नाही, आणि ज्याच्यासाठी त्या रडतात त्याला त्यांनी बहुतेक वेळा धड पाहिलेलंही नसतं. जठारपेठेत त्यांच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, नाहीतर पार रेल्वे लाइनच्या पलीकडे कुणी गेल्याचं कळलं की ताई पांढरट साडी नेसून तयार. याला आमच्याकडे बसायला जाणं म्हणतात. घरात सतरंजी घातलेली असते, बायका भिंतीच्या कडेने बसतात, थोडं रडतात, थोडं बोलतात, कुणीतरी चहा आणून देतं, आणि रीतीपुरतं बसून झालं की उठतात. ताई उठत नाहीत. लग्नाच्या पत्रिका त्या टीव्हीखाली सरकवून ठेवतात, बारशाचा आशीर्वाद फोनवर देतात, पण माती असो की तेरवी, तिथे ताईंची हजेरी ठरलेली. एकदा तर नात्यातल्यांच्या नात्यातल्या कुणाच्या तरी व्याह्यांसाठी त्या एसटीने हिवरखेडपर्यंत जाऊन आल्या. त्या रस्त्याने अंगाची अशी काही दैना केली की पुढे कित्येक दिवस त्यांना कूस बदलता येईना. मी फोन केला तर म्हणाल्या, "पन जाऊन बरं वाटलं वो वैनी."

मी राहते अमरावतीला. ताई माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोललं पाहिजे अशी माझ्यावर काही सक्ती नाही. उलट नणंदेबद्दल चार गोष्टी वाकड्या बोलायचा हक्क मला लग्नातच मिळालेला आहे आणि तो मी अधूनमधून बजावतेही. पण ताईंच्या दुखण्याविषयी वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं सगळं अंग दुखतं. मान, खांदे, पाठ, मांड्या, तळपाय, आणि एखाद्या दिवशी तर केसांची मुळंसुद्धा. आज इथे, उद्या तिथे, परवा सगळीकडे. झोपून उठल्या तरी झोप झालेली नसते. दिसायला मात्र चांगल्या उंचनिंच, गोऱ्यापान, गाल भरलेले. भेटेल तो म्हणतो, "ताई, तब्येत झकास झाली तुमची!" हे वाक्य ऐकलं की त्या दिवशी त्यांना जास्त दुखतं.

कुणी जवळ घेतलं, पाठीवर थाप मारली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या वऱ्हाडातल्या बायकांना तर गळ्यात पडल्याशिवाय भेटल्यासारखं वाटत नाही. यावर ताईंनी तोड काढली. दाराची बेल वाजली की त्या दोन्ही हातांत परात धरूनच दार उघडायच्या. परातीत कधी तांदूळ, कधी तूर, कधी नुसतीच परात. येणारी बाई हात पसरून पुढे यायची आणि परातीला धडकून थांबायची. त्यांच्या एका मावससासूने तर चौकशी केली होती की या घरात रात्रंदिवस निवडणं-पाखडणंच चालू असतं का. दुसरी गंमत कूलरची. अकोल्याचा मे महिना ज्याने सोसलाय त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. पण कूलरचा गार झोत अंगावर आला की ताईंचे खांदे धरतात, आणि कूलर बंद केला तर त्यांच्या यजमानांना उकाडा सोसत नाही. शेवटी तडजोड झाली. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना आमच्या ताई घरात स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे घालून कूलरसमोर जेवायला बसत. कुरिअरवाला एकदा दार उघडं पाहून आत डोकावला आणि पाकीट उंबऱ्यावर ठेवून सही न घेताच निघून गेला.

ताईंच्या यजमानांना आम्ही सगळे भाऊजी म्हणायचो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने अगदी सरळ, बायकोला कधी आवाज चढवून न बोललेले. पण माणूस मोजमापातला. जे मोजता येतं ते आहे, जे मोजता येत नाही ते नाही. त्यांनी ताईंना डॉक्टरांकडे नेण्यात कसूर केली नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, मानेचे फोटो, कमरेचे फोटो, एमआरआयच्या त्या गडगडणाऱ्या बोगद्यात घालूनही झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. दर वेळी भाऊजी पेढ्याचा पुडा आणायचे आणि ताई तोंड फिरवून बसायच्या. "वैनी, काई तरी निंगालं असतं त इज्जत राह्यली असती माई," असं त्या मला म्हणाल्या होत्या. भाऊजी मनात काही ठेवायचे नाहीत. ते सरळ विचारायचे, "रिपोर्टात काईच नाई, त दुखते कायले?" त्यात खवचटपणा नसायचा, त्यांना खरोखरच कळायचं नाही. म्हणून तर ते जास्त लागायचं. खवचट नवऱ्याशी बाईला भांडता तरी येतं.

मधल्या काळात उपाय सांगणाऱ्यांची जत्राच भरली होती. निर्गुडीचा पाला, एरंडेल, डिंकाचे लाडू, अनवाणी चालणं, चप्पल घालूनच चालणं, मीठ सोडणं, गहू सोडणं. कुणी म्हणालं, मन रमवा. कुणी म्हणालं, घरात सून आली की आपोआप बरं वाटेल. त्यातच कुणाच्या तरी सांगण्यावरून ताईंनी खांद्यावर बिब्ब्याचं तेल लावून घेतलं. बिब्बा उतला. खांद्यावर असे टरारून फोड आले की मला ते बघवेनात. भाऊजी धावत जाऊन मलम घेऊन आले. ताईंना खुर्चीवर बसवून, चष्मा लावून, एकेका फोडाला बोटाने मलम लावत होते, वर फुंकर घालत होते. "लई आग होते का? सांग, थांबतो मी," म्हणत होते. ताई माझ्याकडे बघून हसत होत्या. माझ्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांना एवढं खुशीत मी पाहिलेलं नव्हतं. फोड वाळले तेव्हा मला म्हणाल्या, "दिसलं त किती जीव लावला पाय ना." त्यांना भाऊजींकडून दुसरं काही नकोच होतं. आपलं दुखणं त्यांनी एकदा, फोड न बघता, खरं मानावं, एवढंच हवं होतं.

अखेर अमरावतीच्या एका तरुण डॉक्टरने त्या दुखण्याला नाव दिलं. मीच घेऊन गेले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, ठिकठिकाणी अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि ताई प्रत्येक वेळी ओरडल्या. फायब्रोमायल्जिया, म्हणाला. दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. शरीरातली दुखण्याची वर्दी पोचवणारी यंत्रणाच बिघडलेली असते, साध्या स्पर्शाचीही ती मोठी बोंब करते. याने माणूस मरत नाही, पण हे जाईलच असंही नाही. थोडं थोडं चाला, झोपेची वेळ पाळा, शेक घ्या, ही गोळी घ्या, आणि मुख्य म्हणजे थकायच्या आधी थांबा. जन्माचं दुखणं पदरात पडल्यावर इतकी आनंदलेली बाई त्या डॉक्टरनेही पाहिली नसावी. राजकमल चौकात ताई पेढे घ्यायला थांबल्या होत्या. मी त्यांना हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी दटावून रिक्षात बसवलं. संध्याकाळी भाऊजींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हन्जे तपासनीत काई निंगालं नाईच ना?" ताईंनी फोन माझ्या हातात दिला.

थकायच्या आधी थांबा हे मात्र ताईंनी मंत्रासारखं धरलं. त्यांच्या घरात तेव्हापासून प्रत्येक गोष्ट अर्धी. अर्धी खोली झाडलेली, अर्धी मेथी निवडलेली, दारात रांगोळीचं अर्धं कमळ. पाहुणा आला की त्या चहाचं आधण ठेवून खुर्चीत बसायच्या आणि सांगायच्या, "साखर मी टाकली, दूध तुमी टाका." पहिल्यांदा पाहुणे हबकले, मग सरावले. सकाळी देवळापर्यंत चालत जाऊन यायच्या, वाईट दिवशी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. एवढं करूनही वाईट दिवस यायचेच, आणि ते चांगल्या दिवसांपेक्षा जास्त असायचे. तेव्हा त्या पडून राहायच्या, आणि भाऊजी स्वतः खिचडी टाकून, "पडून राह्यल्यानं अंग आखडते," असं सांगून वाढायचे.

बसायला जाण्याचं कोडं मला उलगडलं ते त्यांच्या शेजारच्या एका म्हातारीच्या मयतीला. म्हातारी अशी खाष्ट होती की तिच्या दोन्ही सुना कोरड्या डोळ्यांनी पदर नीट करत बसल्या होत्या. ताई आत आल्या, भिंत बघून टेकल्या, आणि पदर तोंडाला लावून असे हुंदके द्यायला लागल्या की दोन्ही सुनांना लाजेखातर रडावं लागलं. मग लेकी रडल्या, मग म्हातारीची जाऊ, मग सगळं घर. म्हातारीला जिवंतपणी मिळाली नाही एवढी माया त्या तासाभरात मिळाली. परत येताना मी विचारलं, "ताई, तुमचं एवढं कवा जमत होतं तिच्यासंग?"

"कवाच नाई. मले तोंड भरून शिव्या देत होती थे."

"मंग एवढं रडल्या कायले?"

ताई थांबल्या. थांबायची वेळ झालीच होती. "माये खांदे फाटून राह्यले सकाळपासून," त्या म्हणाल्या. "घरी रडलं त हे इचारतात, काहून रडतं? मंग सांगा लागते. सांगतलं तरी पटत नाई. मेलेल्याच्या घरी कोनी इचारत नाई, वैनी. बसा, टेका, कन्हा, पोटभर रडा. वरून पानी देतात." आणि खरंच, घरी पोचल्यावर त्यांनी उरलेली अर्धी मेथी निवडली. मी अमरावतीला येताना बसमध्ये हसत होते. बडनेऱ्याच्या पुढे मात्र हसू येईना.

मग भाऊजी आजारी पडले. पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी भाऊजींना आत बसवून आम्हाला बाहेर बोलावलं. या वेळी एकही रिपोर्ट नॉर्मल नव्हता. घरात माणसांची रीघ लागली. शहाळी आली, मोसंबी आली, जो येईल तो पलंगाशी हळू आवाजात बोलायला लागला. ताई ती जाडजूड फाइल हातात धरून मला म्हणाल्या, "पाय, याले म्हनतात दुखनं. कसं भरगच्च हाय!" मी हसले, आणि त्याच क्षणी आम्हा दोघींनाही हसल्याचं फार वाईट वाटलं.

त्या महिन्यांत ताईंनी जे केलं ते पाहिलं म्हणून सांगते. भाऊजींना उचलणं त्यांच्याच्याने शक्य नव्हतं. त्यासाठी दिवसा एक माणूस ठेवला होता. पण गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी कुठे ठेवायची, शेकाची पिशवी किती गरम हवी आणि मध्ये कापड किती जाड हवं, हे त्या माणसाला ताईंनी शिकवलं. पलंगाच्या कडेवर कुणी बसू लागलं की त्या ओरडायच्या, "खुर्चीवर बसा! गादी हालली की त्याईले बोचते." भाऊजींना कसं वाटतं हे त्या कधीच विचारायच्या नाहीत. चेहऱ्याकडे बघायच्या आणि उशी सरकवायच्या. भाऊजी त्यांच्याकडे टक लावून बघत राहायचे. ताईंचं स्वतःचं अंग त्या काळात काय म्हणत होतं, हे मी विचारलं नाही. बसायला जाणं तर कधीच बंद झालं होतं.

दिवाळी झाली आणि भाऊजी गेले.

आता ताई कशा रडतील या धास्तीत आम्ही सगळे होतो. साऱ्या जठारपेठेतून बायका आल्या. ज्यांच्या ज्यांच्या घरी ताई रडून आल्या होत्या त्या सगळ्या आल्या आणि ताईंकडे बघत बसल्या. ताई भिंतीला टेकून कोरड्या बसलेल्या. एकीने कुजबुजत म्हटलं, "रडवा बाई तिले, नाईतर छातीत धरन." दुसरी पुढे झाली आणि तिने ताईंना करकचून मिठी मारली. ताईंनी ओठ दाबून ती सोसली. मी त्या बाईला बाजूला केलं आणि ताईंना आतल्या खोलीत नेऊन निजवलं, पाठीशी शेकाची पिशवी दिली.

भिंतीकडे तोंड करून त्या बोलल्या. "दिवाळीच्या आंदी एक दिवस हे मले म्हनते, तुले रोजच असं होत होतं काय? मी हो म्हनलं. मंग म्हनते, एवढ्या दुखन्यात तू सैपाक कशी करत होती वो?"

"तुमी काय म्हनल्या?"

"मी काय म्हनू? त्याईची उशी सरकवली." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आत्ता कुठं त्याईले समजून राह्यलं होतं, वैनी."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज काही नव्हता. बाहेरच्या बायकांना कळलंही नसेल. त्यांना जवळ घ्यावं असं मला फार वाटत होतं, पण जवळ घेतलं की त्यांना दुखतं. मी पिशवी हातात घेऊन पाहिली, ती गार होत आली होती. मग पाणी बदलायला स्वयंपाकघरात गेले.