पश्चिमेला सरकणारी लाट

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी प्रकल्पाचा विषय सांगितला तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. विषय होता वातावरणातल्या ग्रहीय लाटा. अख्ख्या पृथ्वीला वळसा घालतील एवढ्या लांब, डोळ्यांना न दिसणाऱ्या, फक्त हवेच्या दाबाच्या आकड्यांतून सापडणाऱ्या. मी सुरतेत वाढलेली. साठच्या दशकात वडील धुळ्याकडून कापडाच्या लूमवर काम करायला आले, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. लाट म्हणजे डुमसच्या किनाऱ्यावर पायावर येते ती, एवढीच माझी ओळख.

सरांनी कपाटातून जाडजूड खंड काढून दिले. एकाच अक्षांशाच्या आसपास जगभर पसरलेल्या वेधकेंद्रांचे रोजचे दाब त्यांत छापलेले होते. ते वहीत उतरवायचे, हाताने फिरवायच्या यंत्रावर गुणाकार-बेरजा करायच्या, त्यांतून सगळ्यांत लांब लाट वेगळी काढायची आणि त्या दिवशी तिचा माथा कुठे होता तिथे आलेखावर टिंब द्यायचं. रोज एक टिंब. दिवाळीपर्यंत बोटांना घट्टे पडले.

टिंबं पश्चिमेकडे सरकत होती. त्या अक्षांशावर वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मग लाट वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाईल? मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा वाटलं, चूक माझ्या डोक्यातच असणार, ती वहीत सापडायची नाही.

आम्ही तेव्हा सुरतेतल्याच नवागामला एका खोलीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तो लांब आलेख जमिनीवर पसरला आणि वडील शेजारी येऊन उकिडवे बसले. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण कागदावरची रेघ त्यांना चांगली वाचता यायची.

"हाई काय शे?"

मी सांगितलं. वारा इकडून तिकडे जातो आणि लाट तिकडून इकडे येते, असं काहीतरी.

"वारा तिकडे जास, आन लाट इकडे येस?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग खोटं कोन बोलस?"

"मीच चुकले असेन, आप्पा."

ते आलेखावरून बोट फिरवत राहिले. त्याचा मी सोयीचा अर्थ लावला, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन मी केंद्रांच्या रकान्यांचा क्रम उलटा केला आणि आलेख नव्याने काढला. आता लाट शहाण्यासारखी पूर्वेला जाऊ लागली. वाऱ्याबरोबर. मला इतकं हलकं वाटलं की मी कँटीनमध्ये एकटीने दोन चहा प्यायले.

सरांनी आलेख पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बेन, आ ऊंधुं केम जाय छे?"

उलटी? मी तर सुलटी करून आणली होती. सर फळ्याकडे गेले, एक समीकरण लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्यांच्या हिशेबाने एवढी लांब लाट पश्चिमेलाच जायला हवी होती. पुढचे तीन आठवडे ते चूक शोधत राहिले. स्वतःचं गणित तपासलं, खंडांतल्या छपाईवर संशय घेतला, एका मित्राला अहमदाबादला पत्र लिहिलं. मी रोज समोर बसून ते पाहत होते. सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, उद्या.

शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "कदाचित माझंच समीकरण चुकीचं आहे." माझे वडील ज्या आवाजात लूम बिघडल्याचं सांगायचे, तसा त्यांचा आवाज होता. मी पहिली वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"सर, हे खरं आहे. ते मी फिरवलं होतं."

त्यांनी पानं उलटली. मी ओरडा खायची तयारी केली होती.

"का फिरवलं?"

"वारा पूर्वेला जातो म्हणून."

ते खुर्चीत मागे टेकले. राग होता, तो मला दिसला. पण त्याच्यामागे सुटकाही होती. मग समजावू लागले. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम उत्तरेला वाढत जातो. हवा उत्तरेला सरकली की तिला एक गिरकी मिळते, दक्षिणेला सरकली की उलटी. त्या गिरक्या शेजारच्या हवेला ढकलतात आणि लाटेचा आकार पश्चिमेला सरकतो. लहान लाटांना वारा ओढून नेतो, फार मोठी लाट त्याला जुमानत नाही.

"समजलं?"

"नाही, सर."

"मलाही फळ्यावर समजतं," ते म्हणाले. "डोळे मिटले की नाही."

फिरवलेला आलेखही प्रबंधात जोडायला त्यांनी लावला, खाली माझ्या हाताने कारण लिहून. ते वाक्य लिहिताना कान तापले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक प्लाझ्मावर काम करणारे होते, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूवर. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. मला वाटलं, संपलं. पण ते खुशीत येऊन बोलू लागले. अशीच लाट समुद्रातही असते, उंची जेमतेम काही बोटं, आणि महासागर ओलांडायला तिला वर्षं लागतात. प्लाझ्मातही जवळजवळ हेच समीकरण येतं, फक्त तिथे गिरकीचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. हवा, पाणी आणि तापलेला वायू, तिघांचं एकच? मी विचारलं, असं का?

"ते मला माहीत असतं तर मी तोच प्रश्न तुम्हाला विचारला असता," ते म्हणाले, आणि सर हसले.

मी दुसऱ्या श्रेणीत पास झाले आणि सुरतेतल्याच कतारगामच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. काही महिन्यांनी त्या परीक्षकांचा त्याच समीकरणावरचा एक छापील लेख टपालाने आला, वर पेन्सिलीने फक्त "पान चार" असं लिहिलेलं. सुट्टीत मी तो घेऊन बसते. तिसऱ्या पानापर्यंत सगळं लख्ख कळतं.