आतोबांची बसवलेली अंडी

साऱ्या निजामी मुलखात अंड्यांपायी बदनाम झालेला एकमेव कट्टर शाकाहारी माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे वालूरचे आतोबा. गळ्यात शिवलिंग, कपाळाला ठळक भस्म आणि परसात कोंबड्यांचं खुराडं! तरुणपणी ते हैदराबादेत जीवशास्त्र शिकायला गेले होते. वडिलांनी किराणा दुकानावर बसायला परत बोलावलं, तेव्हा पदवी तिथंच राहिली आणि एक भिंग तेवढं सोबत आलं. पुढं लग्न झालं, संसार लागला आणि मग पोटातल्या जीवाला हातपाय कसे फुटतात याचा त्यांना नादच लागला. घरच्या कोंबड्यांची पुरेनात, तेव्हा बाजारच्या दिवशी अंडीवालीला ते चारचौघांत ठणकावून सांगत, "ताजी नगं, कोंबडी बसवलेली दे!" ताजी अंडी चोरून खाणारे गावाला माहीत होते, उबवलेली उघडपणे मागणारा हा पहिलाच. गाव आतोबांना आप्पा म्हणायचं. "आप्पा पिल्लासकट खायलेत," ही बातमी पार सेलूपर्यंत गेली. वास्तविक अंडं फोडण्याआधी ते लिंगाला हात लावून "शिवा, माफ कर" म्हणत, आतलं कोमट पाण्याच्या वाटीत सोडत आणि भिंग लावून बसत. आत्या तोवर नाकाला पदर लावून देवघर गाठायची. त्या वाटीकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही.

दुकानात गूळ तोलता तोलता ते गिऱ्हाइकाची बोटं फाकवून बेचकीतली कातडी बघत. एकदा अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, साखरेला आले. ज्यांना पाहून गाव रस्ता बदलायचं, त्यांचा पंजा धरून आतोबा म्हणाले, "साब, माँ के पेट में ये हाथ पळी था, पळी! उंगल्यां बाद में अलग हुए." अमीनसाहेबांनी पंजाकडं पाहिलं, आतोबांकडं पाहिलं आणि हात खिशात घालून ते निघून गेले. साखर तशीच राहिली. आतोबांना वाईट एवढंच वाटलं, की डावा हात बघायचा राहिला.

पुढं आमच्या पाथरीच्या घरी थोरल्या वहिनीला मुलगी झाली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कातडीनं जोडलेली होती. वहिनीनं ग्रहणात टोपरं शिवलं, म्हणून पोटातली बोटंही शिवली गेली, असा बायकांनी निकाल लावून टाकला. वहिनीलाही तो पटला. ती पोरीला पाजायची, पण हाताकडं बघायची नाही. तिचं अन्नपाणी सुटत चाललं होतं आणि मला तिची फार काळजी वाटायची. अशात बारशाला आत्या आणि आतोबा आले; आतोबा आले ते अंड्यांची पाटी घेऊनच. लिंगायताच्या घरात, बारशाला, अंडी! आईनं कपाळावर हात मारून घेतला. वडील काकुळतीला येऊन म्हणाले, "दाजी, आज तरी नगं!" आतोबांनी परसातल्या लिंबाखाली वाट्या मांडल्या आणि वहिनीला बोलावून घेतलं.

"बघ पोरी. ह्यात पायाच्या जागी नुस्ता कोंब हाय. ह्या दुसऱ्यात कोंबाची पळी झाली; बोटं हायत, पर सारी एकात. आन् ह्यात मधली कातडी झडायलीय, बोटं सुटायलीत. तुजी, माजी, खुद्द हुजुरांची बोटंबी आधी आशीच जोडलेली हुती!"

हुजुरांचं, म्हणजे खुद्द निजामाचं, नाव निघताच वडिलांनी घाबरून कुंपणापलीकडं पाहिलं.

"मग माज्याच पोरीची का न्हाई सुटली?" वहिनीनं विचारलं.

कुठल्याही प्रश्नावर तासभर बोलणाऱ्या आतोबांनी भिंग खाली ठेवलं. "ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "लय शोधायलोय. पर सुईचा त्यात हात न्हाई, येवढं पक्कं."

वहिनी रडली आणि रडता रडताच तिनं पोरीची मूठ सोडवून ती दोन बोटं ओठांना लावली. मला वाटलं, आतोबांचं काम संपलं. तेवढ्यात आत्या पुढं आली. तिचं पहिलं मूल अपुऱ्या हातांचं जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं होतं, हे आमच्या घरात कुणी कधी बोलत नसे. तिनं भिंग घेतलं आणि ती वाटीत बराच वेळ बघत राहिली.

"मग म्या गिराणात भाजी चिरली, त्यानं न्हवतं झालं?"

"न्हाई गं," आतोबा म्हणाले. "कवापास्नं तुला तेच दावायचं हुतं."

पाळणा म्हणायला बायका आतून हाका मारत होत्या आणि ती दोघं लिंबाखाली तशीच उभी होती. मला काही त्यांना बोलवायला जाववलं नाही.