मद्रासहून आलेला फोन

लग्न होऊन मी धुळ्याहून सिल्वासाला आले आणि राखोलीच्या रस्त्यावरच्या धाग्याच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हिंदी यायचं, गुजराती कानावर पडून कळू लागलं होतं; इंग्रजीची मात्र पंचाईत. समोरचा भराभर बोलला की माझ्या तोंडून 'व्हॉट?' निघायचं. अकाउंट्समधल्या पुण्याच्या बाईंनी एकदा ते ऐकलं.

"अगं, व्हॉट काय? भांडतेयस असं वाटतं. 'सॉरी सर, प्लीज से अगेन' म्हणावं."

भाकऱ्या थापता थापता मी ते पाठ केलं.

एका दुपारी मद्रासहून फोन आला. लाइन खरखरत होती आणि पलीकडचा माणूस घाईघाईने इंग्रजीत बोलत होता. मला फक्त 'ब्रदर' कळलं.

"सॉरी सर, प्लीज से अगेन."

या वेळी 'फादर' आणि 'एक्स्पायर' ऐकू आलं. एक्स्पायर मला औषधाच्या बाटलीवरून माहीत. वडिलांच्या औषधाची मुदत संपलीय, की...? भलताच निरोप गेला तर? मी पुन्हा म्हटलं, "सॉरी सर. स्लोली, प्लीज."

आता तो ओरडणार, असं मला वाटलं. पण तो सावकाश म्हणाला, "माय फादर. नो मोर. टेल माय ब्रदर." मग भावाचं नाव, एकेक अक्षर सांगून. मला सांत्वनाचं इंग्रजी कुठलं येणार? "आय टेल, सर. नाऊ," एवढंच म्हणाले.

भाऊ म्हणजे आमच्याकडे मशिनं बसवायला आलेला फिटर. अकाउंट्सच्या बाईंना टेलिफोनच्या बोर्डावर बसवून मी स्वतःच शेडमध्ये गेले. तिथल्या आवाजात त्याला माझं बोलणं ऐकू येईना. बाहेर नेलं आणि पुन्हा सांगितलं, "घर से फोन था. पिताजी नहीं रहे." तो तिथेच पायरीवर बसला. संध्याकाळी कंपनीच्या जीपने त्याला वापी स्टेशनला सोडलं.

महिन्याभराने तो परत आला, डोक्यावर नुकते केस उगवलेले. मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई बोला, पहले दो जगह फोन किया. वो लोग समझा नहीं, फोन रख दिया. मॅडम नहीं रखा."

"माँ कैसी है?" मी विचारलं. आईबद्दल मग तो बराच वेळ बोलत राहिला.