मंडईच्या दिवशी जपान

आमच्या शाळेतला मोठा टीव्ही वर्षातले बहुतेक दिवस पांघरूण घेऊन असतो. ते पांघरूण गावातल्या बायकांनी भरतकाम करून दिलं आहे, त्यावर दोन मोर आहेत. टीव्ही ग्रामपंचायतीने दिला आणि धूळ बसू नये म्हणून मुख्याध्यापक सरांनी तो कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असते. दोन शिक्षकी शाळा आहे, पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. किल्ल्या मात्र सगळ्या सरांकडे.

त्या वर्षी वरून पत्र आलं, की वर्ग जगाशी जोडा. मी नाव नोंदवलं आणि आम्हाला जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यातली शाळा मिळाली. अकरा मुलं, एक बाई. तिथेही धान पिकतं. तिथल्या बाईंचं इंग्रजी माझ्यासारखंच तोडकं होतं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांशी बोलताना मला घाम फुटतो.

मुलांना म्हटलं, एकेक प्रश्न लिहा. एकोणीस पोरांपैकी अठरा जणांनी लिहिलं, ‘तुम्ही काय खाता?’ एकाच्या पाटीवरचं दुसऱ्याने बघितलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. एकोणिसावा प्रश्न चौथीतल्या एका मुलीचा होता. ‘तुमच्या बांधीत डुक्करं येतेत का? येतेत त तुम्ही काय करता?’

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर आमच्या गावची धानं होतात, आणि या मुलीच्या घरची बांधी जंगलाला लागून आहे. आदल्या वर्षी रानडुकरांनी अर्धी बांधी लोळवली होती. धान भरायला लागलं की तिचे बाबूजी मचाणावर मुक्काम हलवायचे आणि पोरीला सकाळी पेंगताना दिसायचे तेवढेच. तिला उपाय हवा होता. एवढ्या पुढारलेल्या देशात डुकरांचा बंदोबस्त नक्की असणार, अशी तिची खात्री होती.

सर म्हणाले, “मॅडम, परदेशात डुकराचं काय विचारायचं? राष्ट्रीय पक्षी विचारा.”

“सर, राष्ट्रीय पक्षी पुस्तकात सापडतो. डुक्कर नाही सापडत.” मी तिचा प्रश्न पहिला ठेवला.

टीव्हीवरून समोरासमोर बोलायचं ठरलं, पण पहिल्या वेळी लाइन गेली. ते खरंच झालं होतं. दुसऱ्या वेळी लाइन होती, जपान होतं, मुलं अंघोळ करून आली होती, पण टीव्ही कपाटात आणि किल्ली तालुक्याला मीटिंगमध्ये होती. सरांनी फोनवरून सांगितलं, “नेटवर्क नाही म्हणून कळवून टाका.” आमच्याकडे ‘नेटवर्क नाही’ हे पोरांच्या ‘पोटात दुखते’सारखं आहे. कुणी तपासत नाही. मी कळवून टाकलं.

दोन दिवसांनी तिकडून फोटो आला. अकरा मुलांनी कागदाचे पक्षी करून वर्गात दोरीला टांगले होते. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या नेटवर्कला बरं वाटावं म्हणून.’ मी तो फोटो सरांना दाखवला. सर खिशातली किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मुलगी रोज विचारायची, “मॅडम, कधी हाय आता?” धान कापून झालं, तरी विचारत होती. म्हटलं, “आता तर कापून झालं तुमचं.” तर म्हणाली, “पुढच्या सालच्या डुकराईले उपाय हवा ना.”

दिवाळीनंतरची तारीख मी ठरवली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, ना सण, ना सुट्टी, ना मीटिंग. तिकडे कळवलं, सकाळी अकरा, म्हणजे तुमचे अडीच.

वीस वर्षं या भागात नोकरी करून मी ही चूक केली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. दंडार म्हणजे गावोगावची नाचगाण्याची मंडळी नाचते, दुकानं लागतात, लेकी-जावई, मामे-भाचे सगळे गोळा होतात. आपल्या गावच्या मंडईला शाळेला सुट्टी देता येते. पण पोरं आपल्या गावच्या मंडईला जेवढी जातात, त्याहून जास्त मामाच्या गावच्या मंडईला जातात, आणि मंडईची तारीख कुठल्याही कॅलेंडरात नसते. दंडारवाल्यांना वेळ कधी आहे, त्यावर ती ठरते.

अकराला दहा कमी असताना मी वर्गात गेले. टीव्ही लावलेला, मोर घडी करून ठेवलेले. वर्गात ती एकटी मुलगी, वेणीला लाल रिबीन बांधून, मधोमध बसलेली.

“बाकीचे कुठे आहेत?”

“बाजूच्या गावची मंडई हाय ना, मॅडम.”

“आणि तू काऊन नाही गेली?”

“माझा प्रश्न हाय ना.”

तेवढ्यात टीव्हीवर जपान उजाडलं. अकरा मुलं दोन रांगांत, हात मांडीवर. इकडे एक मुलगी आणि अठरा रिकाम्या जागा. तिथल्या बाईंनी काळजीने विचारलं, “बाकीची मुलं आजारी आहेत का?”

दाराआडून सर कुजबुजले, “मॅडम, नेटवर्क! नेटवर्क सांगा!”

त्या दिवशी फोनवर नेटवर्कच्या सगळ्या दांड्या उभ्या होत्या. मुलगी मागे वळून म्हणाली, “सर, नेटवर्क त हाय.”

मला ते टांगलेले पक्षी दिसत होते, बाईंच्या डोक्यामागेच होते. मी सांगितलं, “मुलं मंडईला गेली आहेत. न विचारता. मागच्या वेळी नेटवर्कही ठीक होतं, किल्ली हरवली होती.” हरवली नव्हती, पण सरांची तेवढी लाज मी राखली.

बाईंनी ते त्यांच्या मुलांना सांगितलं. आधी एकजण हसलं, मग अकराच्या अकरा हसली आणि रांगा मोडल्या. ते मला बरं वाटलं. हात मांडीवर ठेवून बसलेल्या मुलांवर माझा विश्वास बसत नाही.

मग मुलगी उभी राहिली आणि तिने प्रश्न विचारला. मी इंग्रजी केलं, बाईंनी जपानी केलं. तिकडे एकदम गलका झाला. एका पोराने दोन बोटं ओठांशी लावून सुळे केले, एक टेबलाखाली शिरून गुरगुरलं. डुकरं होती. बाई म्हणाल्या, या सुळेवाल्याच्या आजोबांना सगळं माहीत आहे, घर शाळेमागेच आहे, बोलावते. तोवर आम्हाला मंडई दाखवाल का?

टीव्ही काही स्कूटीवर नेता येत नाही. मी जोडणी फोनवर घेतली, मुलीला मागे बसवलं आणि फोन तिच्या हातात दिला. बाजूचं गाव दहा मिनिटांवर. मोबाइलचा टॉवरही त्याच गावात, त्यामुळे जसजसे पुढे गेलो तसतसं जपान स्वच्छ दिसायला लागलं. मुलगी मागून सांगत होती, “ही धानाची तणस. हा पाट. हे मॅडमचे केस.” ते शेवटचं भाषांतर मी केलं नाही.

मंडईत शिरलो आणि आमची तिसरी-चौथी आकाशपाळण्याशी सापडली. मला बघताच एक ओरडला, “मॅडम आली रे!” क्षणात पटांगण साफ. दोघं जिलेबीच्या दुकानामागे, चौघं बैलगाडीखाली. एकजण आजीच्या लुगड्याआड लपला आणि आजीच मला म्हणाली, “आमचा त कालपासून तापानं पडून हाय, मॅडम.”

“पडलेला दिसतोय. त्याला म्हणा, जपान आलं आहे, भेटून जा.”

एकेक करून सगळे बाहेर आले. जपानच्या मुलांनी आकाशपाळणा बघितला, जिलेबी तळताना बघितली, दंडारवाल्यांच्या पायातले चाळ जवळून बघितले. गोंदियाहून आलेला खेळणीवाला मध्ये मान घालून म्हणाला, “मैडम, जपान वाले देख रहे क्या? जरा दुकान भी दिखाओ ना.”

तेवढ्यात पडद्यावर टोपी घातलेले आजोबा आले. मुलीने प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी आजूबाजूची मोठी माणसंही थांबली. आकाशपाळण्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. डुकरांसाठी अख्खी मंडई फोनभोवती आली. मुलीचे बाबूजीही गर्दीतून पुढे येऊन तिच्या मागे उभे राहिले.

आजोबा म्हणाले, तारांचं कुंपण केलं, डुकरांनी खालून उकरलं. डबे बांधले, डुकरांना सवय झाली. मग शेतात रेडिओ लावून ठेवला, माणूस बोलतोय असं वाटून ती काही दिवस आली नाहीत. नंतर रेडिओ ऐकत ऐकत खाऊ लागली.

मी भाषांतर केल्यावर मोठा हशा झाला. “आमची बी तशीच हाय ना बे!” कुणीतरी म्हणालं.

बाबूजींनी विचारलं, “मंग शेवटी काय करतेत?”

आजोबांनी दोन्ही डोळे ताणून बोटांनी उघडे धरून दाखवले. त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

मुलीचं तोंड उतरलं. परतताना स्कूटीवर एवढंच म्हणाली, “येवढ्या दूर इचारून बी तेच जागणं.” मी तिची समजूत घातली नाही. तेच होतं, तर तेच आहे असं कळणंही काही वाईट नाही. हजेरीचा प्रश्न सरांनी विचारला. मी एकोणिसही जणांची हजेरी लावली, वर्ग मंडईत भरला होता.

पुढच्या हंगामात धान भरायला लागलं तेव्हा बाबूजींनी जुना मोबाइल मचाणाला बांधला आणि त्यावर दंडारीचं रेकॉर्डिंग लावलं. मुलगी तोवर पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली होती, पण वाट वाकडी करून रोज मला बातमी द्यायला यायची. पहिल्या दिवशी डुक्कर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी डुकरं सगळं खानदान घेऊन आली.

“जपानले लिहा, मॅडम. आमची डुक्करं चार दिवसांत समजली. त्यायची किती दिवसांत?”

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी आजोबांचं उत्तर आलं, सहा.

तिने ते वर्गात येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं आणि खाली बसता बसता म्हणाली, “म्हंजे आपली डुक्करं हुशार हायेत.” त्या दिवशी माझ्या वर्गाला फार आनंद झाला.