पन्नाशीला बाहेरगावी

मंगळवार, ९ मार्च १९५४. सकाळी उणे चार, वारा ईशान्येचा. बंदरातला बर्फ अजून धरून आहे. दहाच्या बसने शहरात गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीत काम होतं, ते केलं. दुपारी उकडलेला कॉड मासा आणि मोहरीचा सॉस. हिल्लेवी सहाला कामावरून आली. तिच्याशी बोलायचं राहिलं.

काम होतं, ते केलं. टेक्लाबाईंच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या डायरीत असं मोघम वाक्य दुसरं सापडलं नसतं. स्टॉकहोमच्या फ्रेंच नन्सच्या शाळेत त्या शिकल्या होत्या. घडलं तेवढं लिहायचं आणि घडलेलं सगळं लिहायचं, ही त्या शाळेची शिस्त. पण त्या मंगळवारी लेखणी पुढे सरकेना.

काम दोन ओळींचं होतं. ‘शनिवार, १३ मार्च रोजी बाहेरगावी असल्याने कोणी भेटीस येऊ नये. हिल्लेवी रूसवाल.’

त्यांच्या नोरसुंद गावात ज्याची पन्नाशी असेल त्याचं दार त्या दिवशी बंद नसतं. आमंत्रण कोणालाच जात नाही. सकाळपासून माणसं आपणहून फुलं घेऊन येतात, आणि घरात कॉफी व सात प्रकारची बिस्किटं तयार असावी लागतात. ज्याला हे नको असेल त्याने आधी पेपरात छापायचं, मी बाहेरगावी आहे. मग तो आपल्या अंगणातला बर्फ उपसत असला तरी लोक मान खाली घालून पुढे जातात. तो गावात नाही म्हणजे नाही.

हिल्लेवी ही टेक्लाबाईंची धाकटी नणंद. १९३८ ते ४४ अशी सहा वर्षं ती हिटलरच्या काळातल्या बर्लिनच्या चित्रपटांत होती. नायिका कधीच नव्हती. नायिकेची मैत्रीण, स्केटिंग शिकवणारी, नर्स. शेवटी स्टेशनवर रुमाल हलवून एकटी घरी जाणारी. राहतं घर बॉम्बने पडलं तेव्हा एक सूटकेस घेऊन ती स्वीडनला परतली. स्टॉकहोमच्या नाटक कंपन्यांनी तिला नाही म्हटलं नाही. कळवतो म्हणाले. कोणी कळवलं नाही. मग टेक्लाबाईंचे यजमान रूरिक बहिणीला नोरसुंदला घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. नणंद-भावजय तेवढ्या घरात उरल्या.

तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी मिळाली. “आवाज बरा आहे आणि तोंड दिसत नाही,” ती स्वतःच म्हणायची. आठ वर्षं गावाचा प्रत्येक फोन तिच्या हातून जोडला गेला. फोनवर लोक आभार मानत. रस्त्यात समोर आली की त्यांना दुकानाच्या काचेत काहीतरी फार बघण्यासारखं सापडे.

जानेवारीत हांबुर्गहून पत्र आलं. परदेशी चित्रपटांना जर्मन आवाज द्यायचं काम, कायमचं.

“पन्नाशीला बघते, वहिनी,” हिल्लेवी म्हणाली. “कोण कोण येतं ते बघते. कोणीच नाही आलं तर जाते.”

हसत म्हणाली, पण पत्र एप्रनच्या खिशातच राहिलं. स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरताना तिचा हात सारखा त्या खिशावर जायचा. टेक्लाबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. वरच्या मजल्यावर पावलं वाजणार नाहीत असं घर त्यांच्या डोळ्यांपुढे येई आणि त्या उठून काहीतरी आवरायला लागत. शेवटी त्यांनी ठरवलं. त्या दिवशी तिला उप्सालाला भाचीकडे न्यायचं आणि पेपरात खरंखुरं बाहेरगावी म्हणून छापायचं. मग कोणी आलं नाही म्हणायचा प्रश्नच उरत नाही. एक्स्चेंजवर हिल्लेवी असल्यामुळे पेपरवाल्यांना फोन करता येईना, म्हणून बस.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

“शनिवारी उप्सालाला डागनीकडे जाऊ या का गं? किती दिवस बोलावतेय ती.”

“शनिवारी? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? शनिवारी मी पन्नाशीची होते.”

“म्हणूनच म्हणते.”

“दोन दिवस किती लोणी फेसतेय मी, बघताय ना? मी कुठेही जात नाही. तुम्ही फक्त कॉफी ओता आणि तो कडक चेहरा करू नका.”

“माझा चेहरा कडक?”

“नन्सनी इस्त्री केलेला.”

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पेपरवाल्यांना फोन करून सूचना थांबवता आली असती. पण एक्स्चेंजवर संध्याकाळच्या पाळीची मार्ता होती, आणि नंबर जोडून दिल्यावर मार्ता कान बाजूला काढत नाही हे हिल्लेवीकडूनच कळलेलं. उद्या सकाळी सांगू, असं टेक्लाबाईंनी मनाशी म्हटलं. गुरुवारी सकाळी पेपर आला. त्यांनी तो न उघडता चुलीत घातला. शुक्रवारी सांगणं गुरुवारपेक्षा अवघड झालं होतं.

शनिवारी आठ वाजता हिल्लेवीने स्वतः अंगणातल्या काठीवर वाढदिवसाचा झेंडा चढवला. निळा पोशाख घातला, केस वर बांधले. टेबलावर चोवीस कप, सात बशा, मध्ये हिरव्या मार्झिपानने, बदामाच्या लगद्याने, मढवलेला केक. चार फुलदाण्यांत पाणी भरून ठेवलं.

नऊ वाजले. दहा वाजले.

“एवढ्या सकाळी कोण येणार,” ती म्हणाली. “शनिवारी दुकानं एकपर्यंत असतात.”

ती खिडकीशी जाई, परत येई, कपांचे कान एका दिशेला वळवी. अकराला औषधवाल्याची बायको समोरून गेली. पलीकडच्या फुटपाथवरून, मान खाली घालून. टेक्लाबाईंना ठाऊक होतं की हे सौजन्य आहे. हिल्लेवीला ते दिसलं नाही. तिला फक्त खाली घातलेली मान दिसली.

“घसरडं आहे म्हणून खाली बघतेय,” टेक्लाबाई म्हणाल्या.

“हो ना. सगळं गाव आज घसरतंय.”

एक वाजला. कॉफी दोनदा फेकून पुन्हा केली. टेक्लाबाईंचं तोंड दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा त्या साखरेबद्दल काहीतरी बोलल्या. हिल्लेवीने पत्र खिशातून काढलं, वाचलं, घडी घातली, पुन्हा काढलं.

अडीचला दार वाजलं.

दारात बोर्गहिल्ड होती. मासळीच्या कारखान्यातल्या मुकादमाची नॉर्वेजियन बायको. हातात फुलं नव्हती, बगलेत गुरुवारचा पेपर होता.

“बाहेरगावी आहात असं छापलंय,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “वर झेंडा, धुराड्यातून धूर. नऊ वर्षं झाली इथे येऊन, तुम्हा लोकांचं हे मला अजून जमत नाही. दिसतंय ते दिसत नाही म्हणायचं.”

हिल्लेवीने पेपर घेतला. दोन ओळी वाचायला तिला फार वेळ लागला. मग तिने वहिनींकडे पाहिलं. टेक्लाबाईंनी बिस्किटांची बशी उचलली आणि होती तिथेच ठेवली.

“मी गावात नाही होय?” हिल्लेवी म्हणाली. “बरं झालं सांगितलंत. कॉफी घेणार?”

“फुलं आणली नाहीत. आणणारही नव्हते.”

“पाणी तेवढं ओतून टाकावं लागेल. बसा.”

बोर्गहिल्ड कोट न काढताच बसली. “नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. बर्गनला तुमचे चित्रपट लागायचे तेव्हा आम्ही आत जात नव्हतो. पोस्टरवर तुम्ही रुमाल हलवत असायचात. रिकाम्या थिएटराला.”

“अकरा चित्रपटांत हलवला. हात भरून यायचा.”

“विनोद नकोत. एक विचारायला आलेय. इथे कोणाला विचारणार? इथे युद्ध झालंच नाही. माझ्या भावाला धरून जर्मनीत नेला, कारखान्यात जुंपला. तो परत आला नाही. तुमच्या स्टुडिओत होती का अशी धरून आणलेली माणसं?”

हिल्लेवीचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

“होती,” ती म्हणाली. “शिवणखात्यात. पूर्वेकडच्या बायका. कोटावर ‘पूर्व’ लिहिलेली पट्टी शिवलेली असायची.”

“म्हणजे ठाऊक होतं.”

“माझेच कपडे शिवायच्या. एक जण टाचण्या तोंडात धरून माझ्या पायाशी बसायची. हात फुटलेले होते तिचे, रेशमात अडकायचे. धागे निघायचे.” तिने जवळच्या कपाचा कान वळवला. “मी तक्रार केली. रेशीम खराब होतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.”

“नाव काय तिचं?”

“विचारलं नाही.”

टेक्लाबाईंच्या घरात हे आठ वर्षांत कधी बोललं गेलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. तापमान विचारलं, जेवण विचारलं, थकलीस का विचारलं.

बोर्गहिल्डने गार झालेली कॉफी एका दमात संपवली. “रेडिओवर जो तो म्हणतो, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं तुम्हीही तेच म्हणाल, आणि मग मी ही बशी तुमच्या अंगावर फेकेन.” ती उठली. “अजून विचारायचंय. आज नाही. मंगळवारी मला सुटी असते.”

“या मंगळवारी मी दोनला सुटते,” हिल्लेवी म्हणाली.

दार लागलं. हिल्लेवी तिथेच पाठमोरी उभी राहिली.

“तुम्ही छापलंत, वहिनी.”

“हो.”

“मला न विचारता.”

“कोणी आलं नसतं तर तू गेली असतीस, म्हणून.”

“आणि आले असते तर?”

इतक्या दिवसांत ही शक्यता टेक्लाबाईंच्या मनात एकदाही आली नव्हती.

“तुम्हाला वाटलंच नाही ना, येतील असं?”

“नाही वाटलं.”

“म्हणजे अख्ख्या गावाचा निकाल तुम्ही एकटीने लावलात. बसने जाऊन.” ती हसली नाही. “आता मला कधीच कळणार नाही.”

“मी आत्ता फोन करते. चूक माझी होती असं छापायला सांगते. मार्ता ऐकेना का.”

“नको. लोक दयेने येतील, ते बघवणार नाही मला.” हिल्लेवीने पत्र काढून कपाटावरच्या घड्याळाखाली सरकवलं. “मंगळवारपर्यंत हांबुर्गला काही लिहीत नाही.”

“आणि मग?”

“मगचं आज विचारू नका. आज मी गावात नाही.”

ती वर गेली. तिची पावलं खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत वाजत राहिली. टेक्लाबाईंनी तेवीस कोरे कप कपाटात लावले, अंधार पडायच्या आत झेंडा उतरवला, आणि दिवा लावून लिहायला बसल्या. जे केलं होतं ते या वेळी कोणाचंही नाव न गाळता लिहिलं. खाली लिहिलं: बिस्किटांचे सात डबे भरले, वर मेणकागद लावला. केक न कापता मागच्या थंड खोलीत ठेवला आहे.