नाक खाजवलं की ‘म’

आमच्या क्लेगडन गावात हेटी शॉरॉक चुकीच्या जागी हसते, हे शाळकरी पोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. टीव्हीवर विनोद झाला, घरदार हसून लोटपोट झालं, तरी ही बाई ढिम्म. आणि पडद्यावरचा माणूस नुसता तोंड हलवत उभा राहिला, सगळे गप्प बसले, की हिला असं हसू फुटायचं की डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय थांबायचं नाही. वय अठ्ठ्याहत्तर, कानांनी ठार बहिरी. त्यामुळे पूर्वी लोक म्हणायचे, जाऊ दे, बिचारी कानाने अधू आहे. अलीकडे मात्र ‘कानाने’च्या जागी ‘डोक्याने’ म्हणायला लागले होते, आणि त्यात तिचा जावई डेरेक सगळ्यात पुढे होता.

डेरेक टाउन हॉलात नोकरीला, त्यामुळे फॉर्म भरायची भारी हौस. टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म त्याने आणून भरूनही टाकला होता. ‘विचित्र वागणुकीची उदाहरणे’ अशा रकान्यात त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. एक, विनाकारण हसते. दोन, शनिवारी टीव्हीवरचा कार्यक्रम संपला की घरात कुणी नसताना जास्तीचा कप मांडते. सोमवारी डॉक्टर येणार होते आणि त्याआधी मॅरियनची, म्हणजे हेटीच्या एकुलत्या एका लेकीची, सही हवी होती. मॅरियन अजून ‘बघू, बघू’ करत होती. आणि हे सगळं हेटीला माहीत होतं. बहिऱ्या माणसासमोर हळू बोललं की झालं, असं डेरेकला वाटायचं. अरे बाबा, हळू काय आणि मोठ्याने काय, ओठ हलायचे ते हलतातच ना.

ओठ वाचायला हेटी शिकली साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकामाच्या खात्यात. चौदाव्या वर्षी ती सुताच्या गिरणीत लागली, तेव्हा एका छपराखाली चारशे साचे, म्हणजे विणायचे माग, धडधडत होते. तिथे शेजारणीच्या कानात ओरडलं तरी काही पोचायचं नाही. म्हणून सगळ्या बाया आवाज न काढता, तोंडाचे मोठमोठे आकार करून बोलायच्या. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा कुठे पडलाय, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, विजार मागून कशी उसवलीय, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि जॉबरच्या समोर. अडचण एकच होती. म, ब आणि प म्हणताना ओठ सारखेच मिटतात. त्यावर बायांनी तोडगा काढला होता. ‘म’ असेल तर बोट नाकाला लावायचं, ‘ब’ असेल तर हनुवटीला, आणि ‘प’ तसाच सोडून द्यायचा. चौतीस वर्षांत साच्यांनी हेटीचे कान खाल्ले, पण ही बोली तिच्या अंगात मुरली ती मुरलीच.

आणि आता क्लेगडनमध्ये विल्फ टॅटर्सलची टेप येणार होती. विल्फ म्हणजे आमच्याच गावचा, गिरणीच्या मागच्या आळीतला. आई साळखात्यात, बाप जॉबर. पुढे लंडनला गेला आणि दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या इंग्लंडच्या घरात दिसायला लागला. त्याची पहिली मालिका थोर, यावर गावात दुमत नव्हतं. दुसरीवरून मात्र वीस वर्षं भांडणं चालली होती. त्यात विल्फ मधेच थांबायचा, अर्धा-पाऊण मिनिट नुसतं तोंड वेडंवाकडं करत उभा राहायचा. डेरेक आणि त्याची मंडळी म्हणायची, दारू, दुसरं काय, ओळी आठवत नसत. निम्मं गाव म्हणायचं, तसा का असेना, आपला विल्फ आहे. त्या मालिकेच्या टेपा कंपनीने कधीच्या पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे भांडण मिटायचीही सोय नव्हती. विल्फही वारला. आणि परवा कुणाच्या तरी माळ्यावर शेवटच्या भागाची टेप सापडली. शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये ती दाखवणार होते, आणि डेरेक त्या कार्यक्रमाच्या समितीचा चिटणीस होता.

आठवडाभर हेटीला दुसरं काही सुचत नव्हतं. मंगळवारी तिने केस कुरळे करून आणले, गुरुवारी निळा कोट ब्रशने घासला, शुक्रवारी परत घासला. विल्फ परत दिसणार! शनिवारी मॅरियन तिला न्यायला आली ती पाटीवर लिहूनच, ‘आई, एकच कर. हसू नकोस. डेरेक बघत असेल.’ हेटीने ते दोनदा वाचलं. मग रुमाल काढून दाखवला, म्हणजे हसू आलं तर हा तोंडात कोंबते.

हॉल गच्च भरला होता. मागे टेबलावर बटाट्याचे पॅटिस, लाल कोबीचं लोणचं आणि चहाची भलीमोठी टाकी. लंडनहून डॉक्टर पेलम म्हणून एक प्राध्यापक आले होते, त्यांनी विल्फवर पुस्तक लिहायला घेतलं होतं. ते अर्धा तास बोलले आणि हेटीला त्यातलं अक्षर कळलं नाही, कारण प्राध्यापकांना ही एवढी दाढी, सगळं भाषण तिच्यातच अडकलं. ऐकणाऱ्यांना कळलं ते असं, की दारूबिरू सगळं खोटं, विल्फचं ते गप्प उभं राहणं म्हणजे आजच्या माणसाचा एकटेपणा. लोकांनी गंभीर चेहरे केले. डेरेकने नाक मुरडलं.

मग दिवे मालवले आणि विल्फ आला. तीच टोपी, तेच वाकडे पाय. हेटीने मॅरियनचा हात घट्ट धरला. दहा मिनिटं ती शहाण्यासारखी बसली. हॉल हसला तेव्हा हसली नाही, कारण तो विनोद तिला तेव्हाही फुसका वाटला होता आणि आजही वाटला. मग विल्फ थांबला. टोपी काढली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आवाज न काढता तोंड हलवायला लागला. हॉलमध्ये चिडीचूप. प्राध्यापक मान हलवून तो एकटेपणा दाखवत होते.

हेटीने रुमाल कोंबला. खांदे हलायला लागले. तिने डोळे मिटून घेतले, पण मग विल्फ दिसेना, म्हणून उघडले, आणि रुमाल उडून पुढच्या बाईच्या टोपीवर पडला. ती खो-खो हसत सुटली. त्याच क्षणाला मागच्या रांगेतून दुसरं हसू फुटलं. ती फ्लोरी क्रॅब्ट्री होती, एके काळी हेटीच्या शेजारच्या साच्यावरची, आता काठी टेकत चालणारी; साळखात्यातल्या बायांपैकी आता या दोघीच उरल्या होत्या. दोघी म्हाताऱ्या हॉलच्या दोन टोकांना हसून मरत होत्या आणि मधले दोनशे लोक त्यांच्याकडे वळून बघत होते.

कुणीतरी टेप थांबवली, दिवे लागले. डेरेकने खिशातून पेन काढलेलं हेटीने पाहिलं. मॅरियनचे कान लाल झाले होते. तिने पाटीवर खरडलं, ‘तो काही बोलत नाहीये. आवाजच नाही. कशाला हसतेस?’

हेटीने वाचलं. परत वाचलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलने ऐकलं.

“आवाज नाही म्हणजे? तुम्हाला ऐकू येत नाही तो काय बोलतोय ते?”

मॅरियनने नाही म्हणून मान हलवली. वीस वर्षं हेटीला वाटत होतं, सगळ्यांना सगळं ऐकू येतंय. बोलणं जरा चावट, म्हणून लोक सभ्यपणा दाखवून गप्प बसतात, आणि जावई तर मुळातच मठ्ठ आहे. तिकडे मागून फ्लोरी म्हणाली, तिला तर वाटायचं नेमकं त्याच वेळी तिचं कानातलं यंत्र बंद पडतं. त्या यंत्रापायी तिने दुकानदाराशी भांडणंसुद्धा केली होती.

प्राध्यापक पेलम धावतच आले. हेटीने हातानेच दाढी बाजूला करा अशी खूण केली, आणि त्या भल्या माणसाने दोन्ही हातांनी दाढी खाली दाबून विचारलं, बाई, तो काय म्हणतोय? हेटी सांगायला लागणार, तेवढ्यात डेरेक मधे पडला. म्हणाला, सासूबाई काहीही सांगतील हो, खरं-खोटं करणार कोण. वाक्य वाईट होतं, पण मुद्दा बरोबर होता. मॅरियनने आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, “मग खरं-खोटं करूनच टाकू ना.”

फ्लोरीला हॉलमागच्या स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. इकडे टेप मागे घेतली. हेटी उभी राहून सांगत गेली आणि मॅरियन पाटीवर लिहीत गेली. “बायांनो, स्टुडिओत पुढच्या रांगेत साहेब म्हणून टाय लावलेलं मडकं बसलंय. त्याला वाटतंय, मी ओळी विसरलो. आता घाम पुसून घड्याळ बघेल. बघा, बघितलं.” मग हेटीला स्वयंपाकघरात पाठवलं आणि फ्लोरीला आणलं. टेप परत सुरू झाली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. दाराच्या काचेतून हेटी बघत होती. तिला काही कळायचा मार्ग नव्हता, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. छातीत साचे सुरू झाल्यासारखी धडधड, आणि डोळ्यांसमोर तो फॉर्म.

फ्लोरी म्हणाली, “बायांनो, स्टुडिओत पुढच्या रांगेत साहेब म्हणून टाय लावलेलं बदकं बसलंय.” पुढचं शब्द न् शब्द तेच, घाम, घड्याळ, सगळं.

डेरेकने टिचकी वाजवली. बघा, म्हणाला, एक म्हणते मडकं, दुसरी म्हणते बदकं, म्हणजे दोघी मनाने रचतात. हेटीला बाहेर आणून पाटी दाखवली, तर ती उखडलीच. बदकं कुठलं, फ्लोरे, चष्मा पूस की जरा, आणि एकाला बदकं म्हणतं का कुणी? फ्लोरी म्हणाली, साहेबासारखं फताड्या पायांनी चालत असेल तर म्हणतात, तू मला शिकवू नकोस. दोघी हॉलच्या दोन टोकांवरून भांडायला लागल्या, आणि भांडताभांडता आवाज कधी बंद झाला ते त्यांनाही कळलं नाही. नुसती तोंडं चालली होती, हुबेहूब विल्फसारखी, आणि हेटी दर थोड्या वेळाने बोट नाकाला लावत होती.

पेलम ओरडलेच. म्हणाले, नाक! टेप मागे घ्या, नाक बघा!

त्या नाकाबद्दल काय सांगू? विल्फची नाक खाजवायची लकब माहीत नाही असं इंग्लंडात पोर नव्हतं. शाळेशाळेत पोरं नाक खाजवून विल्फ व्हायची. डेरेकने स्वतःच्या लग्नात ती नक्कल केली होती. आता टेप हळूहळू पुढे नेली. टाय लावलेलं, आणि विल्फचं बोट नाकाला. मडकं. हेटीने दोन्ही हात वर केले. फ्लोरी म्हणाली, बरं बाई, मडकं तर मडकं, मोतीबिंदू झालाय मला, बोट हनुवटीला दिसलं.

पेलमसाहेबांनी आपल्या भाषणाचे बारा कागद घेतले, दुमडले आणि खिशात टाकले, आणि त्यांना दुःख कसलं, माणूस आनंदाने नाचायचा बाकी होता. म्हणाले, दोघींनी ठरवून सांगितलं असतं तर चूक झालीच नसती, ही चूक फक्त ओठ वाचणाऱ्यालाच होते. मग काय, हॉलमधून गलका उठला. पुढे लावा, अजून काय म्हणतो ते सांगा. हेटीला पडद्याशेजारी खुर्चीवर बसवलं. विल्फने तोंड हलवायचं, हेटीने सांगायचं, आणि दोनशे माणसं वीस वर्षं उशिरा हसत होती. दारूवाले आणि एकटेपणावाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. हेटीचं हसू आज बरोबर जागी पडत होतं, किंवा जागा होती तिथेच होती आणि गाव तिथे येऊन पोचलं होतं.

शेवट आला. विल्फने टोपी घातली, परत कॅमेऱ्याकडे वळला आणि ओठ हलवले, अगदी थोडे.

“हे तो दर शनिवारी म्हणायचा,” हेटी म्हणाली. “बायांनो, चहा टाका, मी आलोच.”

मॅरियनला बसल्याजागी तो जास्तीचा कप आठवला. निळ्या काठाचा. वीस वर्षं ती बघत आली होती, कार्यक्रम संपला की आई उठते, किटली चढवते, कप मांडते, आणि कुणीच येत नाही. तिने डेरेकपुढे हात केला. डेरेकने खिशातून फॉर्म काढून दिला, त्याचं एवढं मात्र मानायला हवं. मॅरियनने त्याचे दोन तुकडे केले, मग चार, आणि ते पाटीखाली ठेवले.

मग ती आईसमोर येऊन उभी राहिली. पाटी घेतली नाही. आवाज न काढता, तोंडाचे मोठे आकार करून तिने दोनच शब्द म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा.

हेटीने डोळे बारीक केले. “पाप कर? या वयात आता कसलं पाप करू गं?”

हॉल कोसळला. मॅरियनही हसली, हसताहसता डोळे पुसले, आणि मग सावकाश बोट नाकाला लावून तिने तेच परत म्हटलं.